पेन्सिलीतली उडी जलरंगात का गोठते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. दोरीच्या उड्या मारणारी एक मुलगी आहे. एका मिनिटात पेन्सिलीने केलेल्या स्केचमध्ये ती खरंच उडी मारतेय. तेच स्केच मोठं करून जलरंगात केलं तर ती खुंटीला टांगल्यासारखी दिसते आणि मातीत केलं तर बाहुली होते. प्रमाणं तिन्हीकडे बरोबर आहेत. मग हालचाल गळते कुठे? आणि जेश्चर ड्रॉइंग (शरीराची हालचाल झटपट रेषांत पकडणं) प्रत्येक माध्यमात नव्याने शिकावं लागतं का?

हो, लागतं. डोळ्याला एकदा शिकलं की पुरतं, हाताला मात्र दर माध्यमात नव्याने शिकावं लागतं. आणि हालचाल गळते ती तुमच्याच 'मोठं करून' या दोन शब्दांत.

ही चूक मी स्वतः सात-आठ वर्षं केली. वहीतलं चांगलं उतरलेलं स्केच घ्यायचं, त्यावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या कागदावर आखायच्या आणि एकेक घर बघत रेषा उतरवायची. रेषा तंतोतंत यायची, चित्र मेलेलं असायचं. मूळ रेषा मनगटाच्या एका झोक्यात, अर्ध्या सेकंदात निघालेली होती : सुरुवातीला दाबून, मध्ये सुटत, शेवटी कागदावरून उचलत. तिची नक्कल करताना माझा हात तीच वाट वीस सेकंद थांबत, चाचपडत चालायचा. आकार उतरायचा, वेग मागेच राहायचा. रेषा किती वेगाने ओढली आहे हे बघणाऱ्याला लगेच जाणवतं, मग तो चित्रकार असो वा नसो. म्हणून स्केच उतरवून घ्यायचं नाही. स्केच बघायचं, बाजूला ठेवायचं आणि नव्या आकारात, नव्या माध्यमात तीच उडी पुन्हा मारायची. दहा कागद फुकट जातील. जाऊ द्या.

आता डोळ्याचं शिक्षण, कारण तुमचं पेन्सिल स्केच नेमकं कशामुळे चालतंय हे कळलं नाही तर ते पुन्हा करता येणार नाही.

वस्तू कशी दिसते ते बाजूला ठेवून ती काय करतेय ते काढा, हा आग्रह किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन शिक्षकाने धरला होता. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये निघालं आणि अजून वापरात आहे. मी हेच व्याकरणाच्या भाषेत सांगते : नाम काढू नका, क्रियापद काढा. 'मुलगी' काढायला बसलात की डोकं, मान, खांदे, हात अशी यादी सुरू होते. 'झेपावतेय', 'रेलतेय', 'ओढतेय' यांपैकी एक शब्द मनात धरून बसलात तर पहिली रेषा टाचेपासून निघून पाठीतून मानेपर्यंत एका दमात जाते. झोपलेल्या माणसालाही क्रियापद असतं. तो गादीत रुतत असतो.

क्रियापद सापडल्यावर भार शोधा. गवंड्याचा ओळंबा आठवा. गळ्याच्या खळगीतून तो खाली सोडला असं समजा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसात तो त्या पायाच्या आसपास पडतो. दोन पायांमध्ये पडला तर माणूस दोन्ही पायांवर स्थिर उभा आहे. आणि तो पावलांच्या बाहेर पडला तर माणसाला पुढच्या क्षणी काहीतरी करावंच लागणार आहे : पाऊल टाकावं लागेल, काहीतरी धरावं लागेल, नाहीतर पडावं लागेल. चालणं म्हणजे पुढे पडणं आणि दर पावलाला स्वतःला सावरणं. चित्रातली हालचाल बहुतेक वेळा या सुटलेल्या तोलातून येते. तोल सांभाळून काढलेल्या आकृतीभोवती कितीही वाऱ्याच्या रेषा मारा, ती जागची हलत नाही.

त्यानंतर कंबर आणि खांदे. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली उतरतो. म्हणजे धड एका बाजूला आखडतं, दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. मूर्तिकलेतला त्रिभंग (मान, धड आणि पाय तीन दिशांना कललेली उभी मुद्रा) याच गोष्टीचं परिष्कृत रूप आहे. आखडलेल्या बाजूला तुटक, दुमडलेली रेषा आणि ताणलेल्या बाजूला एकच लांब, जवळजवळ सरळ रेषा काढली की अर्धं काम झालं. नवशिके दोन्ही बाजूंना सारखेच फुगीर वळसे देतात आणि माणसाची वळकटी होते. दंड, मांडी, पोटरी, सगळीकडे हाच नियम लावून बघा.

मग क्षण कोणता निवडायचा. इथे कॅमेऱ्याने आपल्याला बरंच शिकवलं आणि थोडं बिघडवलंही. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे फेकून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रं घेतली तेव्हा दिसलं की चारही खूर एकदम उचलले जातात ते पाय पोटाखाली गोळा होताना, फाकलेले असताना नव्हे. म्हणजे जेरिको चुकला. पण त्याचे घोडे धावतात आणि मायब्रिजच्या कित्येक चौकटींतले घोडे अडखळल्यासारखे वाटतात, हेही तितकंच खरं. रोदँ या फ्रेंच शिल्पकाराच्या चालत्या सेंट जॉनच्या पुतळ्याची दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आहेत. चालताना असं कधी होत नाही. त्याने मागच्या पायात एक क्षण ठेवला आणि पुढच्या पायात त्याच्या नंतरचा. आपली नजर मागून पुढे सरकते आणि तेवढ्यात पुतळा पाऊल टाकतो.

म्हणून छायाचित्रावरून काम करणाऱ्यांना मी म्हणते, त्यापेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. तो सहा-सात वेळा नुसता बघा. हातात पेन्सिल नको. मग पडदा बंद करा आणि काढा. आठवणीत उरलेलं तेवढं महत्त्वाचं असतं. आणि क्षण टोकाचा निवडा : हात मागे पूर्ण खेचलेला, गुडघे पूर्ण वाकलेले. प्राचीन ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या अडीच हजार वर्षं फेकण्याच्या तयारीत आहे. थाळी मागच्या टोकाला पोहोचली आहे, जिथे ती खऱ्या फेकीतही क्षणभर थांबते. शिल्पाचं थांबणं आणि शरीराचं थांबणं एकाच जागी आलं म्हणून ते खोटं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते आणि शिकवताना फार कमी सांगितली जाते. शरीर हलतं तेव्हा शरीराला लटकलेलं सगळं उशिरा पोहोचतं. केस, पदर, ओढणी, बाह्यांची टोकं, कुत्र्याचे कान. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातली उडती अप्सरा बघा. चेहरा शांत आहे, पण गळ्यातले मोत्यांचे सर एका बाजूला तिरपे झालेत. ती उडतेय हे ते सरच सांगतात. कपड्याच्या चुण्या काढतानाही आधी ताण कुठून सुरू होतो ते शोधा (खांदा, कोपर, गुडघा) आणि चुणी तिथूनच सोडा. शोभेच्या चुण्या हालचाल खातात.

एक इशारा देऊन माध्यमांकडे वळते. जेश्चरच्या नावाखाली गोल गोल गिरगटण्याची एक पद्धत बोकाळली आहे. चित्र जोशपूर्ण दिसतं, पण त्यातला वेग चित्रकाराच्या मनगटाचा असतो, समोरच्या माणसाचा नसतो. तपासणी सोपी आहे. तुमचं स्केच समोर ठेवा आणि त्याच पोझमध्ये स्वतः उभे राहून बघा. कुठला पाय जमिनीवर रोवायचा हे स्केचवरून कळलं नाही, तर ते फक्त गिरगटणं होतं.

कोळसा. सुरुवात इथूनच करा, पेन्सिलीने नको. वेलीच्या कोळशाची कांडी दोन-तीन सेंटिमीटर तोडा, आडवी धरा, कागद उभ्या बोर्डवर लावा आणि खांद्यापासून हात फिरवा. आडव्या कांडीने बारीकसारीक तपशील काढताच येत नाहीत, हाच तिचा मोठा गुण. एका फटकाऱ्यात मांडीची जाडी आणि दिशा दोन्ही येतात. चुकलं तर खोडरबर घेऊ नका, तळहाताने पुसा. पुसलेल्या रेषेची राखाडी सावली मागे राहते आणि तिच्यावर नवी रेषा आली की पाय तिथून इथे आल्यासारखा वाटतो. बाल्ला या इटालियन चित्रकाराने १९१२ मध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला डझनभर पाय काढून जे साधलं, ते कोळसा तुम्हाला फुकट देतो. दाबून बनवलेला चारकोल मात्र इतका पुसला जात नाही. तो शेवटी, भार असलेल्या जागी, दोन-तीन ठोके देण्यापुरता ठेवा.

बॉलपेन. लोक याला कमी लेखतात. खोडता येत नाही आणि हलक्या हाताने धरलं तर रेषा अगदी पुसट येते, म्हणून खिशातल्या वहीसाठी यासारखं काही नाही. धोका एकच : केसाळ रेषा. छोट्या छोट्या ओरखड्यांनी चाचपडत रेषा बनवायची सवय लागते. एक लांब रेषा चुकली तर तिच्या शेजारी दुसरी लांब रेषा काढा. दोन चुकलेल्या लांब रेषा चालतात, चाळीस बरोबर ओरखडे चालत नाहीत.

कुंचला आणि शाई. हे माध्यम खोटं बोलू देत नाही. कुंचला उभा धरा, हात टेकवू नका. दाब वाढला की रेषा जाड, उचलला की बारीक, आणि वेग वाढला की केस कोरडे पडून रेषेत कागद दिसायला लागतो. चिनी सुलेखनात या कोरड्या फटकाऱ्याला 'उडतं पांढरं' अशा अर्थाचं नाव आहे. दोरीचा घेर काढायला तुम्हाला हाच हवा. पण कोरडा फटकारा मागून येतो. कुंचला शाईने भरलेला असताना आधी भार काढायचा (टेकलेला पाय, कंबर, वाकलेली पाठ) आणि शाई संपत आली की हात, केस, दोरी. शाई संपण्याचा क्रम आणि चित्राचा क्रम जुळला की अर्ध्या चुका होतच नाहीत. बोरूचंही (वेताच्या लेखणीचं) असंच आहे. रेम्ब्रांटच्या बोरूच्या चित्रांत एकाच रेषेचं टोक काळं आणि शेपूट फिकं दिसतं, ते याचमुळे.

जलरंग. तुमची मुलगी इथे मेली, म्हणून जरा थांबते. मला खात्री आहे की तुम्ही आधी पेन्सिलीने बाह्यरेषा पक्की केलीत आणि मग आत रंग भरलात. रंग रेषेच्या तुरुंगात गेला. उलटं करा. कंबरेपासून सुरू करून ओल्या रंगाचा एकच डाग टाका, ज्यात धड आणि भाराचा पाय दोन्ही येतील. डाग ओला असतानाच त्यातून हात-पाय बाहेर ओढा. रेषा शेवटी, आणि ती डागाच्या कडेवरून जायलाच हवी असं नाही. रोदँने १९०६ मध्ये फ्रान्सला आलेल्या कंबोडियन नर्तकींची दीडशेच्या आसपास चित्रं काढली. कागदाकडे न बघता, नजर नर्तकीवर ठेवून रेषा काढायची त्याची पद्धत होती. त्याचे रंग रेषेबाहेर निर्धास्त सांडतात आणि त्या सांडण्यातच नाच आहे.

जलरंगाची खरी ताकद कडांत आहे. शरीर ज्या दिशेला जातंय ती कड कोरडी, धारदार ठेवा. जिकडून येतंय ती कड स्वच्छ पाण्याच्या कुंचल्याने सोडवून कागदात विरू द्या. ही कड सोडवायची वेळ फार थोडी असते. कागदावरची चकाकी जाऊन नुसता ओलसरपणा उरतो, त्याच्या आधी. त्यानंतर पाणी लावलंत तर फुलकोबीसारखे डाग उमटतील. दोन्ही कडा धारदार राहिल्या की आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. तुमच्या चित्रात बहुधा हेच झालंय.

पेस्टल आणि तैलरंगांवर फार लिहीत नाही. पेस्टलमध्ये फटकाऱ्यांची दिशा स्नायूंच्या ओढीबरोबर ठेवा आणि बोटाने घासून गुळगुळीत करायचा मोह आवरा. देगा हा फ्रेंच चित्रकार थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह (रंग कागदावर पक्का करणारा फवारा) मारायचा, म्हणून खालचे फटकारे वरच्या थरातूनही दिसत राहतात. तैलरंगात पातळ तपकिरी रंगाने कोळशासारखंच काढा आणि चुकलं की कापडाने पुसा. खालचं रेखाटन जपण्यासाठी वर जपून रंगवणं हा तिथला रोग आहे.

माती आणि तार. इथे बाहुली होण्याचं कारण वेगळं आहे. कागदावर गुरुत्वाकर्षण तुम्ही सुचवता, मातीत ते खरंच असतं. म्हणून माती घेणारा माणूस नकळत सरळ, सुरक्षित उभी आकृती बनवतो. तोल मातीवर सोडू नका, तारेवर सोडा. मऊ ॲल्युमिनियमची तार घ्या आणि सांगाडा हाच जेश्चर समजा. टाचेपासून मानेपर्यंत एक वाक, कंबरेला एक तिरकी तार, खांद्याला तिच्या उलट तिरकी. माती लावण्याआधी हा नुसता तारेचा माणूस चारही बाजूंनी फिरवून बघा. समोरून झेपावणारा माणूस बाजूने बघितला की खांबासारखा सरळ निघतो, हे इथे हमखास घडतं. कागदाने आपल्याला एकाच बाजूची सवय लावलेली असते. काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने १९२० च्या दशकात तार, कापड, बुचं, लाकूड यांतून अख्खी सर्कस उभी केली, मातीची गरजच न ठेवता.

तार जमली की मातीच्या छोट्या गोळ्या स्नायूंच्या दिशेने दाबत लावा. गुळगुळीत करू नका, निदान पहिली वीस-पंचवीस शिल्पं तरी. देगाच्या मेणाच्या नर्तकी खडबडीत आहेत, आत तारा आहेत आणि क्ष-किरणांत दारूच्या बाटल्यांची बुचंसुद्धा सापडली आहेत. हाताशी जे होतं ते कोंबून त्याने पोझ पकडली. त्या सगळ्यांतली एकच आकृती त्याने हयातीत प्रदर्शनात ठेवली, १८८१ मध्ये, आणि तीही शांत उभी असलेली.

टॅबलेटवर काम करत असाल तर तीन गोष्टी बंद करा : रेषा आपोआप सफाईदार करणारी सोय, 'अनडू' आणि झूम. पहिली तुमच्या हाताचा कंप काढते आणि त्याबरोबर वेगही काढते. ॲनिमेशनचा हिशेब मात्र निराळा आहे. सेकंदाला २४ चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरलं तरी १२ चित्रं. तिथे जेश्चर एका चित्रात नसतं, बारा चित्रांत वाटलेलं असतं. त्यातलं एखादं सुटं बघितलं तर विद्रूप वाटेल, वाटू द्या. मनगटाने हवेत काढलेली वक्र वाट सलग आहे की नाही एवढंच बघा.

सरावाबद्दल माझं मत प्रचलित सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. सगळे तीस सेकंदांच्या पोझने सुरू करायला सांगतात. नवशिक्याला तीस सेकंदांत फक्त घाबरता येतं. मी दोन मिनिटांपासून सुरू करते : पहिली वीस-तीस सेकंद नुसतं बघायचं, एक क्रियापद पुटपुटायचं आणि मग काढायचं. महिनाभराने एक मिनिट, मग तीस सेकंद. रोज वीस मिनिटं पुरतात, पण माध्यम आठवड्याला बदला आणि तीच पोझ घेऊन बदला. खऱ्या हलत्या माणसांना किंवा जनावरांना काढताना एका पानावर पाच-सहा स्केचेस एकदम उघडी ठेवा. चालणारा कुत्रा, झाडणारा माणूस, उड्या मारणारी मुलगी, सगळे त्याच त्या स्थितीत परत येतात. जी स्थिती परत येईल त्या स्केचमध्ये दोन रेषा घालायच्या आणि पुढच्याकडे जायचं.

आता तुमच्या मुलीकडे. मातीत तिला हवेत ठेवू नका, चवड्यावर उचलल्या जाण्याच्या क्षणी पकडा : एकच चवडा टेकलेला, ओळंबा जरा पुढे. तरीही हवेतच हवी असेल तर दोरीची तार जाड घ्या आणि जमिनीला टेकू द्या, म्हणजे तीच आकृतीचा आधार होईल. ही लबाडी जुनी आहे. ग्रीक ब्राँझच्या संगमरवरी नकला करताना रोमन शिल्पकार पायाशी झाडाचं खोड ठेवायचे, कारण पातळ घोट्यांवर दगड तग धरत नाही. तुमचा आधार निदान विषयातलाच आहे.

जलरंगात उलट, ती हवेतच असू द्या, पण जमिनीपासून फक्त मूठभर वर. दोरीवर उडी मारणारं मूल इतकंच उचललं जातं आणि तुम्ही तिला हातभर उचललंय. पायाखाली तिची सावली सुटी काढा. सावली आणि तळव्यांमधली ती कोरी पट्टी म्हणजेच उडी. दोरी कोरड्या कुंचल्याने, एका झटक्यात, जमिनीजवळ तुटली तरी हरकत नाही.

आणि वेणी सगळ्यांत शेवटी काढा, डोकं सुकल्यावर. ती पाठीला चिकटून खाली ओढलेली असली तर मुलगी वर चालली आहे. वर उधळलेली असली तर खाली येतेय. तुमच्या पेन्सिल स्केचमध्ये ती उधळलेली आहे, जलरंगात तुम्ही ती नीट विंचरून पाठीवर ठेवली आहे.